अनोळखी गिऱ्हाईक

दुपारचे दोन वाजले तरी आत्या पाटीवरच्या दुसऱ्याच अक्षरावर होती. ती हे मुद्दाम करतेय हे घरात सगळ्यांना कळत होतं, पण बोलायची सोय नव्हती. रंगाचं काम तिचं. ‘नळ’मधला ळ ती गेला पाऊण तास घोळवत होती. कुणी घाई केली की ब्रश खाली ठेवायची, चष्मा पुसायची आणि म्हणायची, “घाईची अक्षरं सात वर्षं बघावी लागतात.”

पाटी दर सात वर्षांनी फाटकावरून खाली उतरायची, खरवडली जायची, नव्यानं रंगायची आणि त्याच दिवशी पाचच्या ठोक्याला परत वर चढायची. आजोबांनी धंदा मांडला तेव्हापासूनचा हा शिरस्ता. पाटीवर कुणाचं नाव नसायचं, नुसती कामं असायची. नळ म्हणजे आजोबा, फरशी म्हणजे धाकटीचे बाबा, वायरिंग म्हणजे काका, रंग म्हणजे आत्या आणि काच म्हणजे दादा. दादा आज परगावी काचा बसवायला गेला होता, तेव्हा त्याची बाजू राखायला वहिनी पदर खोचून उभी होती. या पाचांखाली एक ओळ रिकामी होती. आजोबांची नात धाकटी, तिला तिथं ‘कुलपं’ हवं होतं. काकांना तिथं ‘इन्व्हर्टर’ हवं होतं.

आता, पाटीवर ओळ मिळवायची तर या घरात एकच अट होती, आणि ती आजोबांची होती. निदान एक गिऱ्हाईक अनोळखी पाहिजे. घरातल्या कुणी पाठवलेलं नाही आणि घरातल्या कुणाला ओळखत नाही, असं. आजोबा स्वतः पंचावन्न वर्षांपूर्वी भरल्या ताटावरून उठले होते, कारण दारावर थाप मारणाऱ्या परक्या माणसाच्या घरात पाइप फुटला होता. ही हकीकत ते प्रत्येक पाटीला सांगायचे, आणि प्रत्येक वेळी पाणी आणखी चार बोटं चढायचं. सध्या ते त्या माणसाच्या गळ्यापर्यंत आलं होतं.

“ओळखीचा माणूस आपल्यावर उपकार करायला येतो,” ते म्हणायचे. “अनोळखी माणूस कामासाठी येतो. त्यानं हाक मारली की समजायचं, आपल्याला काम येतं.”

ऐकायला छान होतं. पण ज्या गावातल्या निम्म्या नळांना आजोबांचा हात लागलेला, आणि उरलेल्या निम्म्या घरांत बाबांची फरशी, तिथं धाकटीनं अनोळखी माणूस आणायचा कुठून? तीन वर्षांत तिनं एकेचाळीस कुलपं उघडली होती आणि त्यांतलं एकही धरलं गेलं नव्हतं. बाबा फरशी बसवता बसवता म्हणायचे, “माझी मुलगी कुलपं उघडते बरं का,” आणि गिऱ्हाईक बाद. काका मीटरच्या पेटीत डोकं घालून म्हणायचे, “पुतणी आहे माझी,” की आणखी एक बाद. तिनं दारोदार सहाशे पत्रकं वाटली. पहिला फोन आला तो वहिनीनं घेतला आणि मायेनं विचारलं, “तुम्ही आमच्या ह्यांच्याकडून काच बसवून घेतली होती, तेच ना?” दुर्दैवानं ते तेच होते. घरच्या माणसांनी धाकटीला इतकी मदत केली होती की तिचा धंदा उभा राहण्याची काही आशाच उरली नव्हती.

आणि आज पाच वाजता पाटी चढली की पुढची संधी सात वर्षांनी. धाकटीनं बाबांना शब्द दिला होता की पाटीवर ओळ नाही मिळाली, तर सोमवारपासून हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसायचं. दिवसभर कुलपं विकायची. एकही उघडायचं नाही.

अडीच वाजता फाटकाशी एक गृहस्थ आले. डोक्यावर पत्र्याची ट्रंक होती. ती खाली टेकवायच्या आतच ते शाळेतल्या कवितेच्या चालीवर बोलू लागले.

“मला कुणीही पाठवलेलं नाही. मी या घरातल्या कुणालाही ओळखत नाही. मी सहज रस्त्यानं चाललो होतो.”

“ट्रंक घेऊन?” वहिनीनं विचारलं.

“सहजच.”

अंगणात फरशांचे ढीग, तारांची वेटोळी आणि पाइपांच्या मोळ्या यांच्यामध्ये आजोबांची वेताची खुर्ची होती. ते पुढं झुकले. “काय अडलंय?”

“ट्रंकेचं कुलूप उघडत नाही,” म्हणत गृहस्थ वाकले, आणि शर्टातून एक दोरी बाहेर लोंबली. दोरीला किल्ली होती.

“ही कशाची?” आजोबांनी विचारलं.

गृहस्थांनी ट्रंकेकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. काका आभाळाकडे बघत होते.

“दुसऱ्या ट्रंकेची,” गृहस्थ म्हणाले.

“ती कुठाय?”

“हिच्या आत.”

वहिनी पुढं झाली, तिनं दोरीसकट किल्ली ओढून कुलपात घातली आणि फिरवली. ट्रंक उघडली. आत काकांची जुनी गादी होती.

“काका!” धाकटी म्हणाली.

“मी काय केलं?”

“तुला तर तिथं इन्व्हर्टर हवंय ना?” बाबा म्हणाले. त्यांना धक्का बसल्यासारखा दिसत होता, पण जरा जास्तच.

“हवंच आहे,” काका फणकारले. “सकाळपासून सांगतोय. पण पोरीला पहिलं कुलूप खेळायला मीच आणून दिलं होतं, चार वर्षांची असताना. माझं मला कळतं. वायरमन माणूस दोन्ही टोकं हातात ठेवतो.”

गृहस्थांना चहा देऊन वाटेला लावलं. आत्यानं तेवढ्यात ळ खोडून पुन्हा काढायला घेतला.

तीन वाजता एक बाई आल्या. हातात सुटकेस, डोळ्यांना रुमाल. त्यांची तयारी गृहस्थांपेक्षा बरी होती हे कबूल केलं पाहिजे. त्या दारातच खाली बसल्या, सुटकेस उराशी धरली आणि हुंदका देऊन म्हणाल्या, “सगळं हिच्यात आहे हो!”

“तुम्हाला कुणी पाठवलं?” आजोबांनी विचारलं.

“मला या जगात कुणीच नाही,” बाई म्हणाल्या. आजोबा क्षणभर विरघळले. धाकटीलाही वाटलं, हे खरं असेल. तिनं कुलपं उघडायच्या सळयांची पिशवी सोडली, आणि बाईंनी रुमालाआडून हात पुढं केला.

“जरा पाणी द्या हो, फरशीवाले भाऊ. तुम्ही बसवलेली न्हाणीघरातली फरशी अजून कशी चकचकीत आहे, ह्यांना तर घसरायला होतं.”

धाकटीनं पिशवीची गाठ पुन्हा मारली.

“‘ह्यांना’?” वहिनी म्हणाली. “या जगात कुणी नाही ना तुम्हाला?”

“ते फरशीवर पडल्यापासून बोलत नाहीत माझ्याशी.”

बाबांनी कपाळाला हात लावला. आजोबांच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. वहिनीला मात्र चेव चढला होता. “एकानं गळ्यात किल्ली घातली, एकीनं फरशीची जाहिरात केली. आमच्या ह्यांना त्यांचं अनोळखी गिऱ्हाईक मिळालं तेव्हा असले खेळ केले होते का कुणी? ते थांबले. दोन वर्षं थांबले. हिनं थांबू नये?”

धाकटीला हे लागलं. वहिनी बोलायला तिखट होती, पण आजवर तिच्या बाजूनं तिखट होती. काका वहिनीकडे सरकले, कारण वहिनी जिंकली तर इन्व्हर्टरला जागा होती. बाबा काकांवर चिडले, कारण ट्रंकेमुळे सुटकेसवर संशय आला. आणि आत्या पाटीवर वाकून ‘फरशी’चा फ इतका हळू काढत होती, की जुना रंग सुकून त्यावर धूळ बसायला लागली होती.

साडेतीनला दोन माणसं एक दार घेऊन आली.

दार म्हणजे अख्खं दार. चौकट, उंबरा, कडी, कुलूप, वर काचेची झडप. त्यांनी ते अंगणाच्या मध्यभागी उभं केलं. एकानं मागून आधार धरला. दुसरा समोर येऊन घाम पुसत म्हणाला, “मी बाहेर अडकलोय.”

आजोबा खुर्चीतून उठले. दाराला पूर्ण वळसा घालून पलीकडे गेले आणि तिथून परत आले.

“आता मी कुठं होतो?”

“बाहेर,” माणूस म्हणाला.

“आणि आता?”

“आतासुद्धा बाहेर.”

“मग आत कोण आहे?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “ते आम्हाला सांगितलं नाही,” मागचा म्हणाला.

हे सगळं चाललं असताना धाकटी मात्र कुलपाजवळ पोचली होती. खरं कुलूप होतं, चांगलं जड, आणि बंद कुलूप समोर असताना तिला हात आवरत नसत. तिनं एक सळई घातली, दुसरी वाकवून वर टेकवली, कान जवळ नेला. अर्ध्या मिनिटात कडी खाली पडली. दार उघडलं आणि मागचा माणूस तोल जाऊन आत आला, किंवा बाहेर. दोघंही बघत राहिले.

“अहो, हे कुलूप आमच्या मालकाला दोन महिने उघडता आलं नाही,” पुढचा म्हणाला. यातलं एवढंच वाक्य त्याला कुणी पढवलेलं नव्हतं.

काका झडपेच्या काचेजवळ गेले. बोटानं कड चाचपली. “ही पुट्टी दादाच्या हातची आहे,” ते सावकाश म्हणाले आणि वहिनीकडे वळले. “सूनबाई?”

वहिनीचा चेहरा लाल झाला. पदर सुटला होता तो तिनं पुन्हा खोचला. “मग काय करू? या दोघांची माणसं एकाहून एक बावळट. म्हटलं, एक तरी गिऱ्हाईक नीट असावं.”

“पण तूच तर थांबायला सांगत होतीस!” धाकटी म्हणाली.

“थांबणं काय असतं ते मला माहीत आहे म्हणूनच!” वहिनीचा आवाज चिरकला. “ती दोन वर्षं मी दारावर खुट्ट वाजलं की पोळपाट टाकून धावायची. वाटायचं, आला असेल. मांजर असायचं. तू तर तीन वर्षं धावतेयस. मला नाही बघवत आता.”

धाकटी जाऊन वहिनीचा हात धरून उभी राहिली.

आजोबांना मात्र कुणाचा हात धरायचा नव्हता. दारवाल्या दोघांना दारासकट बाहेर काढून त्यांनी गोदामातलं एक जुनाट कुलूप आणलं, फाटकाच्या साखळीत अडकवलं आणि दाबलं. खटका मोठ्यानं वाजला.

“बास! आज कुणी आत येणार नाही. पाच वाजता पाटी चढेल. ओळ रिकामी तर रिकामी.”

“शिडी?” बाबांनी विचारलं.

“काय शिडी?”

“शिडी बाहेर आहे. आणि पाटी बाहेरच्या अंगाला लावायची असते. फाटक उघडावं लागेल.”

“उघडू की. किल्ली आणा.”

कुणीच हललं नाही. आत्यानं सकाळपासून पहिल्यांदाच मान वर करून आजोबांकडे पाहिलं. “बाबा, त्या कुलपाची किल्ली मी दहावीत असताना विहिरीत पडली होती. तुम्हीच पाडली होतीत.”

सगळ्यांनी एकदम धाकटीकडे पाहिलं. ती एक पाऊल पुढं झाली, आणि आजोबांनी काठी आडवी धरली.

“घरच्या माणसानं घरचं काम करायचं नाही. नंतर म्हणाल, हेच गिऱ्हाईक धरा.”

“नाही म्हणणार,” धाकटी म्हणाली.

“तू नाही म्हणणार. तुझा बाप म्हणेल.”

बाबांनी नुकतंच तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं.

अशा रीतीनं एका कुलूपवालीसह सगळं घराणं स्वतःच्याच अंगणात कोंडलं गेलं, आणि काकांनी दुसऱ्या कुलूपवाल्याला फोन लावला. बाजाराजवळ एकजण होता, काकांच्या ऐकिवातला. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

“मी आज गावात नाही,” पलीकडून आवाज आला. “पण तुमच्याच भागात एक मुलगी आहे, तिला बोलवा. माझी तीन गिऱ्हाइकं तिच्याकडे गेली, हात चांगला आहे म्हणतात. नळवाल्यांचं घर विचारा. फाटकावर पाटी आहे.”

“पाटी आज खाली उतरवलीय,” काका म्हणाले.

“मग सापडणं कठीण आहे,” आवाज म्हणाला, आणि फोन ठेवला.

“परक्या माणसानं शिफारस केली!” बाबा उडालेच. “धरा!”

“शिफारस कुणाला केली? आपल्याला. आपण कोण? घरचे,” आजोबा म्हणाले. “बाद.”

सव्वाचार झाले होते. धाकटी पाइपांच्या मोळीवर बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. दुकानाच्या काउंटरवर बसायला कोणता ड्रेस घालावा, असा विचार तिच्या डोक्यात आला आणि त्या विचाराचाच तिला राग आला.

तेवढ्यात फाटकाचे गज कुणीतरी गदागदा हलवले.

बाहेर तिशीचा एक माणूस होता. घरातले कपडे, एका पायात निळी चप्पल, दुसऱ्या पायात बायकी सँडल आणि हातात रिकामी कचऱ्याची बादली. “कुलूपवाल्या इथंच राहतात का? लवकर या! मी कचरा टाकायला खाली आलो, वाऱ्यानं दार लोटलं आणि लॅच लागलं. आत बाळ झोपलंय. सहा महिन्यांचं. गॅसवर दूध आहे!”

अंगणातली मंडळी त्याच्याकडे बघत राहिली. मग काका बाबांच्या कानाशी लागले, पण काकांचं कुजबुजणं गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. “हा तुझा?”

“माझा नाही. तुझा असेल.”

“बादली सुचली नसती मला.”

“चप्पल बघा ना,” वहिनी हळहळली. “किती बारीक विचार केलाय.”

“अहो, ऐकताय का!” माणूस ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “बाळ आहे आत!”

“रडतो पण छान,” बाबा म्हणाले.

आजोबा काठी टेकत फाटकाशी गेले. “तुला कुणी पाठवलं?”

“हो, पाठवलं ना! दोन माणसं भेटली कोपऱ्यावर. दार घेऊन चालली होती. मी ओरडत होतो तर म्हणाले, त्या घरात जा, तिथल्या बाईनं आमचं दार अर्ध्या मिनिटात उघडलं.”

हे ऐकून अंगणात जो गलका झाला तो काय सांगावा. काकांनी बोटांवर हिशेब मांडला. “सूनबाईनं दारवाल्यांना पाठवलं. दारवाल्यांनी याला पाठवलं. म्हणजे हा सूनबाईचा नातू लागतो, गिऱ्हाइकीच्या नात्यानं.”

“नातू कसा? सांगायला तिनं कुठं सांगितलं होतं? फार तर मानलेला,” बाबा म्हणाले.

“मानलेलं नातं ते नातंच,” आजोबा म्हणाले. “पण थांबा. दारवाल्यांनी काम बघून सांगितलं की घर बघून? काम बघून असेल तर वेगळा विचार करावा लागेल. किती पिढ्यांनंतर माणूस परका धरायचा, हे आपण कधी ठरवलेलं नाही.”

“तीन,” आत्या म्हणाली.

“दोन पुरेत,” वहिनी म्हणाली.

“अरे, बाळ!” फाटकावरचा माणूस किंचाळला.

धाकटी त्याच्याकडे बघत होती. आज आलेल्या सगळ्यांनी छातीठोक सांगितलं होतं की आम्हाला कुणी पाठवलं नाही. हा एकटाच म्हणत होता, पाठवलंय. त्याला इथली अटच माहीत नव्हती. हा खरा आहे हे तिला कळलं, आणि याच्यामुळे तिची ओळ जाणार की राहणार, या प्रश्नाची तिला त्या क्षणी इतकी शिसारी आली की तिनं आजोबांची काठी सरळ बाजूला सारली.

“हात लावू नकोस!” आजोबा म्हणाले. “निकाल व्हायचाय.”

“तुम्ही करा निकाल,” ती म्हणाली. “तोवर दूध करपेल.”

कुलूप गंजलं होतं, पण मन लावून गंजलेलं नव्हतं. सळई घातली, दाबली, झटका दिला. साखळी खळकन खाली आली. धाकटी धावत सुटली, तिच्या पुढं बादलीवाला, एक चप्पल वाजत आणि एक सँडल घसरत.

घर दोन गल्ल्या सोडून होतं. तीन मजली, अरुंद जिना, कठड्यावर वाळत घातलेली दुपटी. दुसऱ्या मजल्यावर दारापाशी आत्ताच करपल्याचा वास येत होता. धाकटी गुडघ्यांवर बसली. लॅच नवं होतं, ताठर होतं. तिनं डोळे मिटले. एकदा सळई निसटली. माणूस पाठीमागं बादलीची कडी घट्ट धरून उभा होता. दुसऱ्यांदा आतलं काहीतरी हळूच मागं सरकलं. तिनं खांद्यानं दार ढकललं.

तिनं पहिल्यांदा गॅस बंद केला. दुधाचं पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, खोलीत धूर होता. तिनं खिडक्या उघडल्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, तिथं धूर पोचला नव्हता. बाळ पालथं पडून, तोंडात मूठ घालून गाढ झोपलं होतं. त्याला कशाचा पत्ता नव्हता. माणूस बादलीसकट जमिनीवर बसला आणि हमसून रडला. धाकटीनं त्याच्या हातातून बादली काढून घेतली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

ती जिन्यात आली तेव्हा खालच्या वळणावर आजोबा बसलेले होते. धापा टाकत होते. एवढं अंतर ते गेल्या दोन वर्षांत चालले नव्हते.

“बाळ?” त्यांनी एवढंच विचारलं.

“झोपलंय.”

आजोबांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. “मी त्याला पिढ्या विचारत होतो,” ते म्हणाले. “मूर्ख म्हातारा.” धाकटी त्यांच्या खालच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, पण ‘नाही हो’ म्हणाली नाही. खोटं कशाला बोलायचं.

वरच्या मजल्यावरून चपला वाजल्या. पन्नाशीच्या एक बाई कठड्यावरून वाकल्या. “कुलूप तुम्ही उघडलंत? मी ओरडणं ऐकून आले तोवर दार सताड उघडं! अहो, मला तुमची गरज आहे. आम्ही गेल्या महिन्यात इथं राहायला आलो, माळ्याच्या खोलीची किल्ली आधीच्या लोकांनी दिलीच नाही. आमचं निम्मं सामान बांधून पडलंय. या गावात आम्ही कुणालाच ओळखत नाही, बोलावणार कुणाला?”

धाकटीनं अटी मनातल्या मनात मोजल्या. गेल्या महिन्यात आलेल्या. कुणी पाठवलेल्या नाहीत. कुणाला ओळखत नाहीत. तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबा बाईंकडे बघत होते, डोळे बारीक करून, पंचावन्न वर्षांतले सगळे नळ आठवून. त्यांना हा चेहरा कुठल्याच नळाशी आठवला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं.

बाई मात्र आता जरा घुटमळल्या. “राग मानू नका हं, ताई. कुलूप उघडणाऱ्या माणसाला घरात घ्यायचं म्हणजे...” त्या आजोबांकडे वळल्या. “काका, तुम्ही वडीलधारे दिसता. तुम्ही ओळखता का यांना? कुणाच्या आहेत? माणसं कशी आहेत?”

आजोबांनी हो म्हटलं असतं, की ही माझी नात, मी नळवाला, पंचावन्न वर्षं या गावात आहे, तर बाईंनी डोळे झाकून दार उघडलं असतं. आणि बाई त्याच क्षणी बाद झाल्या असत्या, बाकीच्या एकेचाळीस जणांसारख्या. आजोबांनी जन्मात कुणासाठी अट वाकवली नव्हती, आणि फुटलेल्या पाइपाचं पाणी सोडलं तर जन्मात कधी खोटंही बोलले नव्हते. आता बाईंना बाद करायचं नसेल, तर दोन्हीपैकी एक करणं भाग होतं.

ते कठड्याला धरून उठले. नात पलीकडे उभी आहे हे जणू त्यांना दिसतच नव्हतं.

“मी?” ते म्हणाले. “छे हो. मी कुठला ओळखायला! मी आपला जिन्यात दम खायला बसलोय.”

“अस्सं,” बाई हिरमुसल्या.

“माणसं कशी आहेत ते काही मला ठाऊक नाही,” आजोबा म्हणाले. “विक्षिप्त असतील एखाद्वेळी. पण काम आत्ता डोळ्यांनी पाहिलं. पंचावन्न वर्षं मीसुद्धा हातानंच काम केलंय, तेव्हा मला कळतं. असं काम करणारं माणूस मी माझ्या घरात घेतलं असतं. मान देऊन घेतलं असतं.”

बाईंचा चेहरा उजळला. “मग या ना, ताई! आत्ताच येता का?”

धाकटीला समोरचं नीट दिसत नव्हतं. तिनं सळयांची पिशवी गोळा केली, पायरी चढली आणि त्यांच्याजवळून जाताना तिच्या तोंडून निघूनच गेलं, “आजोबा, घरी कसे जाल एकटे?”

आजोबांनी घाईघाईनं वर बघितलं, बाईंनी ऐकलं की काय म्हणून. मग अंग चोरून भिंतीला टेकले, वाट मोकळी केली आणि तिच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिला अहो-जाहो केलं.

“माझी काळजी करू नका, बाई,” ते म्हणाले. “तुम्ही व्हा पुढं. तुमचं गिऱ्हाईक थांबलंय.”